नवीन हेडलाईट टाकले तरी रस्ता दिसत नाही? बल्ब बदलायच्या आधी हे बघा

गेल्या डिसेंबरात रात्री आष्ट्याहून सांगलीला येत होतो, ऊस सीझन चालू, रस्त्यावर ट्रॉल्याच ट्रॉल्या. एका ट्रॉलीला मागे ना दिवा ना रेडियम, ती मला दिसली तेव्हा ब्रेक दाबायला जेमतेम जागा उरली होती. कशीबशी गाडी थांबली. बायको आणि पोरगी गाडीत होत्या, त्यामुळे घरी आल्यावरही बराच वेळ हात थरथरत होते. आणि गंमत म्हणून नाही सांगत, माझे हेडलाईट त्यावेळी फक्त दोन महिने जुने होते. आधीच्या काचा पिवळ्या पडल्या होत्या, एक तडकली होती, म्हणून बाहेरची, म्हणजे कंपनीची नसलेली, असेंब्ली जोडी (काच-रिफ्लेक्टरसकट अख्खे दिवे) आणून बसवली होती, दिसायला एकदम चकाचक.

दुसऱ्याच दिवशी दुकानात गेलो तर त्यांनी सांगितलं की १००/९० वॅटचे बल्ब टाका (लांबच्या झोताला १००, जवळच्याला ९०), दिवस उजाडल्यासारखा उजेड येईल. टाकले. थोडा फरक वाटला, आठवड्याने बोनेटमधून प्लॅस्टिक जळल्याचा वास, बघतो तर होल्डर मऊ होऊन बल्बला चिकटलेला. ते काढून आधीचे साधे ६०/५५ चे परत लावले. मग मिरजेच्या एका जुन्या वायरमनकडे गेलो, त्यांनी बल्बला हातसुद्धा लावला नाही, आधी विचारलं, "दादा, बल्बपर्यंत करंट किती येतोय ते कुणी मोजलंय का?" कुणीच मोजलं नव्हतं. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.९ व्होल्ट आणि पेटलेल्या बल्बच्या पिनांवर ११.६. सव्वादोन व्होल्ट वाटेतच गायब.

तेव्हापासून ओळखीच्या पाच-सहा गाड्यांचं हेच काम केलंय, तर जे शिकलो ते सगळं इथे लिहितोय. माझी गाडी एच४ बल्बची आहे, म्हणजे एकाच बल्बमध्ये अप्पर (लांबचा झोत) आणि डिपर (जवळचा झोत), मागे तीन पिना, आपल्याकडच्या बहुतेक जुन्या छोट्या गाड्यांना हाच असतो, त्यामुळे उदाहरणं त्याचीच देतो.

आधी अंधार कुठल्या प्रकारचा आहे ते ओळखा

लाईट कमी वाटतो हे सगळेच म्हणतात पण प्रत्येकाचं कारण वेगळं असतं. दोन्ही बाजूंचा उजेड पिवळट, मेलेला, आणि रेस दिली की थोडा वाढतो, तर करंट कमी पोचतोय. एकच बाजू मंद असेल तर त्या बाजूचं अर्थिंग (बॉडीला जाणारी मायनसची जोडणी), कपलर (बल्बमागचा वायरींचा प्लग, ह्यालाच होल्डर म्हणतात) किंवा बल्ब नीट न बसणं. समोर उभं राहून बघितलं तर डोळे दिपतात पण गाडी चालवताना रस्ता काळाच, हे एलईडी बल्ब टाकलेल्यांचं हमखास दुखणं, तिथे उजेड आहे पण तो चुकीच्या जागी पडतोय. सुरुवातीला छान आणि दहा-पंधरा मिनिटांनी उतरतो, तर एलईडी तापतोय. हे चार प्रकार डोक्यात ठेवा म्हणजे निम्मा खर्च वाचतो, कारण पहिल्या प्रकाराचा उपाय तिसऱ्याला लागू पडत नाही.

आता फुकटात होणारी तपासणी आधी. डॅशबोर्डवर स्टिअरिंगच्या बाजूला ० ते ३ किंवा ४ आकडे असलेली एक छोटी चकती असते बऱ्याच गाड्यांना, हेडलाईट लेव्हलर. ती पुसताना-बिसताना फिरते आणि ३ वर जाऊन बसते, मग उजेड बंपरपुढेच पडतो आणि माणूस बल्ब बदलत बसतो. एकटा ड्रायव्हर असेल तर ती ० वर पाहिजे. फिरवून बघा, भिंतीवर उजेड खालीवर होतोय का? बाहेरच्या असेंब्लीत कधीकधी आतली मोटरच नसते किंवा जोडलेली नसते, तसं असेल तर ते लक्षात ठेवा, पुढे सेटिंगला लागेल.

मग डावीकडचा बल्ब उजवीकडे आणि उजवीकडचा डावीकडे टाका. मंदपणा बल्बबरोबर गेला तर बल्ब खराब, जागेवरच राहिला तर वायरिंग किंवा असेंब्ली खराब. पाच मिनिटांचं काम आहे आणि कुठल्याही मीटरशिवाय एवढं पक्कं उत्तर दुसरं काही देत नाही. हॅलोजनच्या काचेला बोट लावू नका, बोटाचं तेल लागलं की ती जागा जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो, चुकून लागलं तर स्पिरिटने पुसा. बल्ब बसवताना त्याच्या चकतीचे तीन दात आपापल्या खाचेत गेलेत आणि तारेची क्लिप घट्ट लागली आहे हे बोटाने चाचपून बघा. स्वस्तातल्या असेंब्लीत ही क्लिप सैल असते आणि बल्ब जरासा वाकडा बसला तरी सगळा फोकस विस्कटतो, कारण रिफ्लेक्टर हा फिलामेंट मिलिमीटरच्या हिशोबात ठरलेल्या जागी आहे असं धरूनच घडवलेला असतो.

मीटर लावा, अंदाज नको

तीन-चारशेचा साधा डिजिटल मल्टीमीटर पुरतो. डीसी २० व्होल्टवर ठेवा. इंजिन चालू, हेडलाईट डिपरवर. आधी थेट बॅटरीच्या दोन पोलवर मोजा, १३.५ ते १४.५ च्या आसपास यायला पाहिजे. इथेच १२.५ येत असेल तर हेडलाईटला हात लावू नका, अल्टरनेटर किंवा त्याचा बेल्ट बघा. आणि १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर गेलाय, बल्ब पटापट उडतील.

आता बल्बवर मोजा, आणि इथे निम्मे लोक चुकतात. कपलर काढून त्याच्या पिनांत मीटर घातला तर जवळजवळ पूर्ण व्होल्टेज दाखवतो, कारण करंट वाहतच नाहीये तर वाटेत पडणार काय. कपलर बल्बला लावलेला, बल्ब पेटलेला, आणि मागून वायरच्या कडेने बारीक टाचणी आत सरकवून मोजायचं. टाचण्या एकमेकींना किंवा बॉडीला लागू देऊ नका.

बॅटरीपेक्षा अर्धा व्होल्ट कमी आला तर ठीक. एक व्होल्टच्या वर फरक असेल तर तुमचा आजार सापडला. आता एक व्होल्टने काय होतंय असं वाटेल, पण हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात नाही, साधारण ३.४ व्या घाताने बदलतो. म्हणजे व्होल्टेज १० टक्के कमी झालं की उजेड ३० टक्के कमी. एच४ बल्बचा उजेड १३.२ व्होल्टवर मोजला तर डिपरला साधारण १००० ल्युमेन (उजेडाचं माप) आणि अप्परला १६५० ल्युमेन येतो, माझ्या गाडीत ११.६ वर त्यातला पाऊण हिस्सासुद्धा मिळत नव्हता, दोन तृतीयांशापेक्षा जरा कमीच. बल्ब चांगला, असेंब्ली नवी, आणि तरीही तिसरा हिस्सा अंधार.

मग नुकसान प्लसच्या बाजूला आहे की मायनसच्या ते शोधायचं. मीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लसवर, दुसरं बल्बच्या प्लस पिनवर, लाईट चालू. जो आकडा येईल तेवढं प्लसच्या वाटेवर सांडतंय. तसंच बॅटरीचा मायनस आणि बल्बची मायनस पिन. एक लक्षात घ्या, काही जपानी पद्धतीच्या गाड्यांमध्ये स्विच मायनसच्या बाजूला असतो, म्हणजे कॉमन (अप्पर-डिपर दोन्हींच्या सामाईक) पिनवर कायम प्लस आणि डिपर-अप्परच्या पिना स्विचमधून मायनसला जातात. गोंधळू नका, कुठल्या पिनवर काय आहे ते आधी मीटरने बघून घ्या, मोजायची रीत तीच.

सांडतंय तिथे बुजवा

मायनसला पाव व्होल्टच्या वर पडत असेल तर अर्थिंगचा बोल्ट शोधा, बहुतेक गाड्यांना हेडलाईटच्या मागे बॉडीला किंवा रेडिएटरच्या पट्टीला असतो. काढा, पॉलिश पेपरने थिंबल (वायरच्या टोकाची कडी) आणि खालचा पत्रा चकचकीत होईपर्यंत घासा, घट्ट आवळा आणि वरून पेट्रोलियम जेली लावा. आपल्याकडे कोकणातल्या गाड्यांना तर हे वर्षाला करावंच लागतं, मालवण-वेंगुर्ल्याची खारी हवा सहा महिन्यांत थिंबल हिरवं करते. एका मित्राच्या गाडीत नुसत्या ह्या एका बोल्टने डावा लाईट उजव्याच्या बरोबरीला आला, खर्च शून्य.

प्लसच्या बाजूला कपलर बघा. पिना काळ्या पडल्यात, प्लॅस्टिक तपकिरी झालंय, हात लावला तर चटका बसतो, तर तो कपलर टाकून द्या, साफ करून उपयोग नाही, आतली स्प्रिंग मेलेली असते. नवा चिनीमातीचा होल्डर मिळतो, तो घ्या. नवी असेंब्ली बसवताना दुकानदाराने वायरी पिळून वर टेप गुंडाळली असेल तर ती जागा उघडा, पावसाळ्यात तिथेच पाणी शिरतं. क्रिम्प करून किंवा झाळ देऊन वर हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केली की आवळणारी नळी) चढवा.

एवढं करूनही व्होल्ट कमीच येत असेल तर मुद्दा मूळ वायरिंगचा आहे. जुन्या गाड्यांत बऱ्याचदा सगळा करंट बॅटरीतून डॅशबोर्डपर्यंत, कॉम्बी स्विचमधून (स्टिअरिंगजवळचा लाईटचा दांडा) परत पुढे असा प्रवास करून येतो, बारीक वायरीतून. ५५ वॅटचे दोन बल्ब म्हणजे ९ अँपिअरच्या वर, १०० वॅटचे दोन म्हणजे १६-१७ अँपिअर, म्हणजे त्याच वायरीत पडझड अजून वाढणार. माझा होल्डर का वितळला ते आता कळलं असेल. मोठ्या वॅटचा बल्ब टाकून अंधार घालवायला जाऊ नका, पाईप बारीक असताना मोठा नळ लावण्यासारखं आहे ते.

इथे रिले किट लागतं. रिले म्हणजे थोड्या करंटवर चालून मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच, त्यामुळे बल्बचा करंट बॅटरीतून थेट येतो. तयार मिळतं, हेला, मिंडा, रूट्स अशा नावांचंही मिळतं आणि पुण्यात नाना पेठेत नाहीतर कुर्ल्याच्या सीएसटी रोडला लोकलही ढिगाने मिळतं. लोकल घेताना वायर सोलून आतलं तांबं बघा, वरचं रबर जाड आणि आत चार केसांएवढी तार असली तर पैसे पाण्यात. बॅटरी ते रिले ते बल्ब ही वायर कमीत कमी २.५ स्क्वेअर मिलिमीटर पाहिजे. बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात २० अँपिअरचा फ्यूज पाहिजेच पाहिजे, तो नसेल तर वायर कुठे घासून बॉडीला लागली की गाडी पेटू शकते, ह्यात अजिबात हयगय नको.

जोडणी अशी. बॅटरीचा मायनस आधी काढा. दोन रिले, एक डिपरला एक अप्परला. दोन्हींच्या ३० नंबरच्या पिनेला फ्यूजमधून बॅटरीचा प्लस, ८७ मधून नव्या होल्डरला. ८५ आणि ८६ ही कॉइल, तिला गाडीचा मूळ कपलर द्यायचा. एक टोक मूळ कपलरच्या कॉमन पिनवर आणि दुसरं डिपरच्या पिनवर, दुसऱ्या रिलेला कॉमन आणि अप्पर. कॉइल सरळ बॉडीला अर्थ करतात बरेच वायरमन, ते मायनस स्विचच्या गाडीत चालत नाही, दोन्ही टोकं कपलरलाच दिली की दोन्ही प्रकारच्या गाड्यांना चालतं. फक्त रिलेत डायोड असेल तर प्लस-मायनस बघून लावा. होल्डरचा मायनस घासून साफ केलेल्या पत्र्यावर किंवा थेट बॅटरीच्या मायनसवर. रिले तोंड खाली करून बसवा म्हणजे पाणी साचत नाही, आणि वायर रेडिएटर फॅनपासून लांब बांधा.

माझ्या गाडीत हे झाल्यावर पिनांवर १३.५ आले. तेच साधे ६०/५५ चे बल्ब, उजेड आधीच्या दीडपटीहून जास्त, आणि रंग पिवळटाचा पांढऱ्याकडे गेला. पहिल्या रात्री मुद्दाम त्याच आष्टा रोडने जाऊन आलो.

एलईडी टाकले असतील तर

एलईडीच्या आत ड्रायव्हर सर्किट असतं, ते व्होल्टेज थोडं कमी-जास्त झालं तरी सांभाळून घेतं, त्यामुळे रिले किटने इथे फारसा फरक पडत नाही. इथे तीन गोष्टी बघायच्या.

पहिली, बल्बची दिशा. एच४ एलईडीच्या चिप्स डाव्या-उजव्या बाजूला तोंड करून, घड्याळातल्या ३ आणि ९ वर पाहिजेत, आणि डिपरच्या चिपखालची छोटी वाटी खालच्या बाजूला. बऱ्याच बल्बांना फिरवायची कॉलर असते, ती सैल करून सरळ करा. चिप वर-खाली तोंड करून बसली असेल तर उजेड झाडांच्या शेंड्यावर आणि समोरच्याच्या डोळ्यात जातो. दुसरी, चिपची जागा आणि जाडी. ती हॅलोजनच्या फिलामेंटच्याच ठिकाणी पाहिजे आणि दोन्ही बाजूंच्या चिप्स एकमेकींना जवळजवळ चिकटून. जाड पट्टीचा बल्ब रिफ्लेक्टरमध्ये कधीच नीट फोकस देत नाही, कितीही फिरवा.

तिसरी, उष्णता. फॅन फिरतोय का ऐका, धुळीने भरला असेल तर साफ करा. मागच्या रबराच्या टोपीत कोंबून बसवला असेल तर गरम हवेला जागाच नाही, तापला की ड्रायव्हर सर्किट स्वतःच करंट कमी करतं. आणि टोपी न लावता तसाच ठेवला तर पहिल्याच पावसात असेंब्लीच्या आत वाफ धरते आणि रिफ्लेक्टरचा मुलामा उडतो. मोठी टोपी मिळते, ती लावा.

डब्यावर २०० वॅट, ३०००० ल्युमेन लिहिलेलं असतं त्यावर जाऊ नका. माझ्याकडे असाच एक होता, मीटर सिरीजमध्ये १० अँपिअरच्या भोकात लावून बघितलं तर २.१ अँपिअर घेत होता, म्हणजे जेमतेम २८ वॅट. आणि ६००० केल्व्हिनचा निळसर पांढरा उजेड कोरड्या रस्त्यावर भारी वाटतो पण जुलै महिन्यात आंबा घाटात किंवा माळशेजला धुकं आणि पाऊस असताना समोर नुसती पांढरी भिंत उभी राहते, ओला डांबरी रस्ता तर दिसतच नाही. हॅलोजन ३२०० च्या आसपास असतो, पावसाळ्यात मला तोच बरा वाटतो. निळ्या काचेचे सुपर व्हाईट हॅलोजनही घेऊ नका, निळा थर उजेड गाळतो, वाढवत नाही. कायद्याचंही आहेच, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे मान्यता नसलेला बदल केला तर प्रत्येक बदलाला ५००० रुपये दंड होऊ शकतो.

असेंब्लीच खराब निघाली तर

दिवसा बल्ब काढून त्या भोकातून आत टॉर्च मारा. रिफ्लेक्टर आरशासारखा दिसला पाहिजे. दुधाळ, तपकिरी डाग, किंवा बल्बच्या वरच्या बाजूला करपलेला असेल तर तो परत उजळत नाही, असेंब्ली बदला. १००/९० वाल्यांनी हे नक्की बघा.

काचेवर गोल खुणेत ई अक्षर आणि आकडा असेल तर त्याच्या जवळ बाण शोधा. आपण डावीकडून चालवतो, तर हेडलाईटच्या समोर उभं राहून बघताना बाण आपल्या उजव्या हाताला दाखवणारा किंवा दुतोंडी पाहिजे. अशी खूण असून बाणच नसेल तर ती उजवीकडून चालणाऱ्या देशांची असेंब्ली आहे, तिचा उजेड उजवीकडे वर चढतो. म्हणजे आपल्याला डाव्या कडेचा सायकलवाला दिसत नाही आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यावर आपण झोत मारतो. बाहेरून मागवलेल्या प्रोजेक्टर सेटमध्ये हे होतं, कितीही सेटिंग केलं तरी सुटत नाही, परत द्या.

काच पिवळी असेल तर टूथपेस्टने दोन-तीन आठवडे बरं दिसतं, बास. नीट करायचं तर ८००, मग १०००, २०००, ३००० चा वॉटर पेपर पाणी मारत मारत, मग कंपाउंड, आणि शेवटी यूव्ही क्लिअर कोट. शेवटचा कोट टाळला तर काच आधीपेक्षा लवकर पिवळी पडते कारण कंपनीचा थर तुम्ही घासून काढलेला असतो.

सेटिंग

हे सगळ्यात शेवटी करायचं आणि बहुतेक जण करतच नाहीत. टायरची हवा बरोबर, लेव्हलर ०, ड्रायव्हर सीटवर कुणालातरी बसवा. सपाट जागेवर भिंतीपासून १० मीटरवर गाडी सरळ उभी करा, सोसायटीचं पार्किंग किंवा शाळेची भिंत चालते. जमिनीपासून बल्बच्या मध्यापर्यंतची उंची मोजून भिंतीवर टेप लावा, त्याच्या १० सेंटिमीटर खाली दुसरी. डिपरची वरची कड ह्या खालच्या टेपवर यायला पाहिजे आणि डावीकडे ती तिरकी वर चढलेली दिसली पाहिजे. जागा नसेल तर ५ मीटरला ५ सेंटिमीटर. असेंब्लीच्या मागे दोन स्क्रू असतात, एक वर-खाली एक डावी-उजवी, एका वेळी एकच लाईट उघडा ठेवून दुसऱ्यावर जाड फडकं टाका म्हणजे कुठली कड कुणाची ते कळतं. भिंतीवर कडच दिसत नसेल, नुसता पसरट डाग असेल, तर स्क्रू फिरवू नका, बल्ब बसवण्याकडे परत जा.

सेटिंग झाल्यावर रात्री एक तास गाडी चालवून या आणि घरी आल्या आल्या बोनेट उघडून रिले, फ्यूजचा होल्डर, प्रत्येक जोड हाताने चाचपा. कोमट चालेल, चटका बसायला नको. चटका बसला तर तो जोड त्याच रात्री उघडा, सकाळवर ढकलू नका. आणि गावाला निघताना मागे तीन माणसं आणि डिकीत सामान असेल तर लेव्हलर १ किंवा २ वर न्या, परत आल्यावर आठवणीने ० वर.